वेलीवरच्या महाकाय भोपळ्याचं वजन टेपने कसं काढायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. काटोल तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने मित्राकडून मिळालेलं ‘अटलांटिक जायंट’ जातीचं बी ऑक्टोबरात लावलं. आता फेब्रुवारी लागलाय, एकच फळ राखलंय आणि ते अजून वेलीवर आहे. नागपुरातल्या एका कृषी प्रदर्शनाच्या अर्जात अंदाजे वजन लिहायचंय, गाडीही ठरवायचीय. काका म्हणतात दोन क्विंटल, ओळखीचा हमाल म्हणतो सव्वाशे किलो आणि मोबाईलवरचं फोटो बघून वजन सांगणारं अ‍ॅप म्हणतं नव्वद. टेपने घेतलेली मापं अशी: आडवा घेर २५४ सेंटीमीटर, देठाकडून फुलाच्या टोकाकडे वरून टाकलेला टेप १७० आणि त्याला आडवा, कुशीपासून कुशीपर्यंत वरून टाकलेला टेप १७६. शेवटी विचारलंय, फळ आतून पोकळ असलं तर काय, आणि आईच्या परसातल्या गावठी भोपळ्यांना हाच हिशोब चालेल का?

आधी उत्तर. तुमचं फळ १३८ किलोच्या आसपास आहे. अर्जात १३५ लिहा. गाडी आणि माणसं मात्र १६० किलो धरून ठरवा. हमाल सर्वांत जवळ पोचलाय, आणि त्यात नवल नाही, त्याने आयुष्यभर पाठीवर पोती मोजली आहेत.

हा आकडा कसा आला ते सांगतो. तिन्ही मापांची बेरीज करा: २५४ + १७० + १७६ = ६०० सेंटीमीटर, म्हणजे ६ मीटर. या बेरजेचा घन करा, ६ × ६ × ६ = २१६. त्याला ०.६४ ने गुणा. १३८ किलो आले. कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

परदेशातले भोपळावाले ह्याच तीन मापांची बेरीज इंचात करतात आणि छापील तक्त्यात समोरचे पौंड बघतात. ते तक्ते मनाने रचलेले नाहीत. स्पर्धेत आधी मापलेल्या आणि मग काट्यावर चढवलेल्या ढीगभर फळांच्या नोंदींवरून ते बसवले आहेत. मीटर-किलोत आणलं की मध्यम आकाराच्या, म्हणजे साधारण १०० ते ३०० किलोच्या फळांसाठी तो गुणक ०.६४ च्या जवळ राहतो. ४०-५० किलोच्या फळाला तो ०.६८ पर्यंत चढतो आणि पाचशे-सहाशे किलोच्या पुढे ०.६२ च्या खाली उतरू लागतो. आपल्याकडे कोणी त्या टोकाला जाण्याची घाई नाही, त्यामुळे ०.६४ धरून चालायला हरकत नाही.

घन का, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. फळाची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट झाल्या तर त्यात मावणारा माल आठपट होतो, दुप्पट नाही. म्हणून डोळा फसतो. शेजारच्या फळापेक्षा आपलं फळ ‘थोडंसंच मोठं’ दिसतं आणि काट्यावर दीडपट भरतं. आमच्या भागात संत्र्याचा व्यापारी बागेत एक फेरी मारून झाडावरचा माल सांगतो आणि पुष्कळदा तो खरा निघतो. पण त्याच्या नजरेखालून हजारो झाडं गेलेली असतात. सव्वाशे-दीडशे किलोचे भोपळे विदर्भात किती जणांनी किती पाहिलेत? काकांची नजर संत्र्याला चालेल, इथे ती सरावलेलीच नाही.

काकांचे दोन क्विंटल का शक्य नाहीत, तेही तुमच्याच मापांवरून दिसतं. घेर २५४ म्हणजे फळ आरपार सरासरी ८१ सेंटीमीटर. वरून टाकलेल्या दोन टेपांवरून उंची ६० च्या आसपास निघते. अशा चपट्या गोळ्याचं घनफळ काढायला लांबी × रुंदी × उंची × ०.५२३६. ते आलं सुमारे २०५ लिटर. म्हणजे फळ आतून पूर्ण भरीव असतं आणि त्याचा गर पाण्याइतका जड असता, तरच ते २०५ किलो भरलं असतं. पण भोपळा पाण्यावर तरंगतो. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या विंडसर गावात तर लोकांनी असे भोपळे कोरून त्यांच्या होड्या केल्या आणि शर्यती लावल्या. मधली पोकळी आणि गरातली हवा धरली तर लिटरमागे साधारण दोन-तृतीयांश किलो उरतं, आणि २०५ चे दोन-तृतीयांश १३७ च्या जवळ येतात. आता अ‍ॅपचे नव्वद घ्या. ते खरे असतील तर निम्म्याहून जास्त फळ रिकामं असायला हवं. इतकं पोकळ फळ हाताने थापटलं की ढोल वाजतो. तुमचं वाजतंय का? फोटोवरून वजन सांगणाऱ्या अ‍ॅपविषयी याहून जास्त बोलण्यात अर्थ नाही. त्याला मागची बाजू दिसत नाही आणि कॅमेरा किती अंतरावर होता हेही नीट कळत नाही.

तुम्ही मापं कशी घेतली ते लिहिलेलं नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिला घेर. टेप जमिनीला समांतर, फळ जिथे सर्वांत फुगलेलं आहे तिथून, देठाखालून आणि फुलाच्या टोकावरून पूर्ण फिरवायचा. एकटा माणूस हे करू शकत नाही. मागच्या बाजूला टेप हमखास चार बोटं खाली घसरतो आणि पुढच्याला ते दिसत नाही. दोघे असाल तर एकाने टेप धरावा आणि दुसऱ्याने फळाभोवती फिरून जमिनीपासूनची उंची चारी बाजूंनी सारखी आहे का ते पाहावं. टेप ताणलेला असावा पण फळात रुतू नये. खाचा असतील तर टेप खाचेत दाबायचा नाही, एका उंचवट्यावरून पुढच्या उंचवट्यावर सरळ जाऊ द्यायचा.

दुसरं आणि तिसरं माप, म्हणजे वरून टाकलेले टेप, इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. टेप जमिनीवर सुरू होतो, वर चढतो, फळाच्या माथ्यावरून जातो आणि पलीकडे जमिनीवर संपतो. पण फळ खालच्या अर्ध्या भागात आत वळलेलं असतं, तिथे टेप त्याला चिकटवून आत न्यायचा नाही. सर्वांत फुगलेल्या जागेवरून तो सरळ, ओळंब्यात, खाली जमिनीवर यायला हवा. सुताराचा गुण्या असेल तर उत्तम. नसेल तर गवंड्याचा ओळंबा सोडा, तोही नसेल तर सुतळीला नट बांधून लोंबू द्या. देठाकडच्या बाजूला देठ मध्ये येतो. त्याच्या अगदी बाजूने टेप न्या, देठाची जाडी मापात धरू नका. तिसरं माप दुसऱ्याला काटकोनात, सर्वांत रुंद जागेवरून.

आता काळ्या मातीचा प्रश्न. काटोलकडची तुमची जमीन भारी काळी असेल तर दीडशे किलोच्या आसपासचं फळ पाणी दिल्यावर तिच्यात बसतं. फळ ३ सेंटीमीटर रुतलं की वरून टाकलेला टेप दोन्ही टोकांना तीन-तीन सेंटीमीटर आधीच जमिनीला टेकतो, म्हणजे एका टेपमागे ६ आणि दोन टेपांमागे १२ सेंटीमीटर गेले. ६०० ऐवजी बेरीज ५८८ येते आणि हिशोबात वजन १३८ वरून १३० वर उतरतं. आठ किलो मातीत गेले! यावर उपाय सोपा आहे. फळाच्या बुडाच्या पातळीला दोन्ही बाजूंनी थोडी माती काढा, तिथे फळीचा किंवा प्लायवूडचा तुकडा सपाट बसवा आणि टेप त्या फळीपर्यंत मोजा. पुढच्या वेळी फळ मुठीएवढं असतानाच त्याखाली वाळूचा थर द्या. पाणी खाली झिरपतं, बूड कुजत नाही आणि मापही सरळ येतं.

टेप कोणता? शिंप्याचा दीड मीटरचा टेप पुरत नाही, आणि तो दोनदा जोडून घेतलेलं माप दोन ठिकाणी चुकतं. लोखंडी टेप वळणावर फळापासून सुटून उभा राहतो. जमीन मोजणारे वापरतात तो फायबरग्लासचा १० किंवा १५ मीटरचा टेप घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सुतळीने मापून नंतर सुतळी मोजणारे खूप आहेत. सुतळी ओली झाली, दव पडलं की तिची लांबी बदलते. नाइलाज असेल तर न ताणणारी प्लास्टिकची दोरी घ्या आणि दोन्ही वेळा सारखाच ताण द्या.

हे सगळं इतक्या बारकाईने का सांगतोय? बेरजेत एक टक्का चूक झाली की वजनात तीन टक्के चूक होते, कारण घन. तुमच्या फळात एक टक्का म्हणजे ६ सेंटीमीटर, तिन्ही मापांत दोन-दोन सेंटीमीटर. दोन सेंटीमीटर तर टेप तिरका धरला तरी जातात. म्हणून प्रत्येक माप दोनदा घ्या, आणि जमलं तर दुसऱ्यांदा टेप दुसऱ्याच्या हातात द्या.

एकाच मापावर काम का भागत नाही, हेही नेहमी विचारलं जातं. समजा दोन फळांचा घेर तुमच्याइतकाच, २५४ आहे. एक उंच, ७५ सेंटीमीटरचं, दुसरं बसकं, ४५ चं. घेरावरून दोन्ही सारखी. पण उंच फळाला वरून टाकलेले टेप १९७-१९८ च्या घरात येतील, बसक्याला १४६ च्या. बेरीज पहिल्याची सुमारे ६४९, दुसऱ्याची ५४६. वजनं १७५ आणि १०४ किलो! प्रदर्शनात घेराचा टेप दाखवून फुशारक्या मारणाऱ्यांचा भोपळा असा बसका असतो, हे ध्यानात असू द्या.

आपल्या विदर्भाला ही तऱ्हा नवी नाही. बल्लारशाच्या लाकूड डेपोत सागाच्या गोलाचं घनफळ जुन्या पद्धतीने ‘घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी’ असं काढत. ह्या सूत्राने खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच येतात, उरलेलं साल आणि कापणीतली तूट म्हणून सोडून दिलं जायचं. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ते माहीत असायचं, म्हणून भांडण नव्हतं. जनावरांचे डॉक्टरही गाय काट्यावर चढवत नाहीत. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले शरीराची लांबी, भागिले ३००, की पौंडात वजन. तिन्हीकडे धोरण एकच: टेपला वजन कळत नाही, टेपला आकार कळतो. आकारावरून वजनावर जायचा गुणक हा कोणीतरी कधीतरी काट्यावर तोलून ठरवलेला असतो. तो गुणक ज्या मालावर ठरला त्याच मालाला चालतो.

म्हणूनच ‘पोकळ असलं तर?’ हा तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. टेपने आलेला आकडा दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, मापं कितीही अचूक असली तरी. तुमच्यासाठी १२४ ते १५२. काही फळांच्या भिंती जाड असतात, ती तक्त्यापेक्षा भारी जातात. काहींच्या पातळ, ती हलकी जातात. यात बियाण्याच्या वंशाचा वाटा मोठा आहे. परदेशी बी विकताना आईफळ, म्हणजे ज्यातून ते बी काढलं ते फळ, तक्त्यापेक्षा किती टक्के भारी गेलं ते सांगतात आणि त्यावर भाव ठरतो. तुमच्या बियाण्याचं मूळ मित्राला माहीत असेल तर विचारून ठेवा.

बाहेरून ओळखायची एक ढोबळ खूण आहे. फळाच्या कुशीवर तळव्याने हलकेच थापटा. भारी फळ बद्द वाजतं, पातळ भिंतीचं घुमतं. देठाच्या बाजूला आणि फुलाच्या टोकाला थापटू नका, तिथे भिंत वेगळ्या जाडीची असते आणि टोक नाजूक असतं. पण आवाजावरून किलो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आवाजावरून इतकंच ठरवायचं की अंदाज १३८ च्या वरच्या बाजूला झुकवायचा की खालच्या. सुई टोचून, बारीक भोक पाडून भिंत मोजायचा सल्लाही कोणी देईल. अजिबात नको. भोक किंवा भेग पोकळीपर्यंत गेलेलं फळ वजनाच्या स्पर्धेतून बाद होतं, हा जगभरचा नियम आहे, आणि आपल्या उन्हात ते चार दिवसांत सडेल ते वेगळंच.

एकदाच मापून थांबू नका. दर तीन दिवसांनी, त्याच वेळी, शक्यतो सकाळी ऊन चढण्याआधी मापा आणि वहीत लिहा. समजा एका सोमवारी बेरीज ५०० होती आणि गुरुवारी ५१५ झाली. सूत्राने ८० किलोचे ८७ झाले, तीन दिवसांत सात किलो. डोळ्याला हा फरक दिसत नाही. जोराची वाढ फळ धरल्यानंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून असते, पुढे ती मंदावते. लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या की फळ थांबलं असं समजा. त्यानंतर नागपूरच्या उन्हात ते वेलीवर ठेवण्यात फायदा नाही, धोकाच जास्त. फेब्रुवारीच्या शेवटी पारा पस्तिशीकडे सरकतो, पानं दुपारी माना टाकतात, आणि आपण घाबरून एकदम पाणी सोडतो. मग फळ तडकतं. तोवर फळावर पांढरी चादर किंवा हिरवी नेट बांधा, साल कोवळी राहते. मापताना ती काढायची, हे सांगायला नको, तरी सांगतो. चादरीवरून मापणारे मी पाहिले आहेत.

तुमचा ऑक्टोबरचा पेरा बरोबर होता, हे जाता जाता. ह्या जातीला थंड रात्री आणि सोसवेल इतकंच ऊन लागतं. ते तिकडे उन्हाळ्यात मिळतं, आपल्याकडे हिवाळ्यात. पण आपले हिवाळी दिवस लहान, म्हणून तिकडच्या आकड्यांशी तुलना करून खट्टू होऊ नका. तिकडे काय चाललंय ते बघा: १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कॅनडाच्या विल्यम वॉर्नॉकचा भोपळा ४०० पौंडांचा, म्हणजे १८१ किलोचा होता, आणि चार वर्षांनी सेंट लुइसला त्याने ४०३ पौंडांचा आणला. तो विक्रम सत्तरेक वर्षं टिकला. मग त्या विंडसर गावच्याच हॉवर्ड डिलने निवड करत करत ही ‘अटलांटिक जायंट’ जात बसवली आणि १९८१ साली ४९३.५ पौंड तोलले. १९९६ मध्ये हजार पौंड ओलांडले गेले, २०१२ मध्ये दोन हजार. २०२१ मध्ये इटलीच्या स्तेफानो कुत्रुपीने १,२२६ किलो केले, २०२३ मध्ये अमेरिकेच्या ट्रॅव्हिस गिएंगरने २,७४९ पौंड, म्हणजे १,२४७ किलो, आणि २०२५ मध्ये इंग्लंडच्या पेटन जुळ्या भावांनी १,२७८.८ किलो. तुमचं फळ वॉर्नॉकच्या तीन-चतुर्थांश झालंय, काटोलच्या रानात, पहिल्याच हंगामात. वाईट नाही.

आता खरा काटा. प्रदर्शनात टेपचा आकडा कोणी विचारणार नाही, काट्याचा विचारतील. धर्मकाट्यावर गाडी भरलेली आणि रिकामी तोलून फरक काढू असं बरेच जण ठरवतात. धर्मकाटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो. दोनदा तोलायचं म्हणजे दोन्ही वेळची चूक आली, त्यात मधे ड्रायव्हर उतरला, डिझेल जळलं. दहा टनाच्या मालाला हे किरकोळ आहे, १३८ किलोच्या फळाला नाही. त्यापेक्षा ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा शोधा. कळमन्यात किंवा कॉटन मार्केटला कोणत्याही अडत्याकडे असतो, आणि सकाळचा लिलाव संपल्यावर चहापाण्यावर तोलून मिळतो. काट्यावर वैधमापन विभागाचं चालू मुद्रांकन आहे का तेवढं बघा. फळ काट्याबाहेर लोंबत असेल तर हरकत नाही, फक्त ते कुठे टेकलेलं नसावं. ताडपत्री आणि पाट आधी एकटे तोलून वजा करा.

उचलण्याविषयी दोनच गोष्टी. देठाला धरून कधीही नाही, आणि चार माणसांत नाही, सहा घ्या. फळ एका कुशीवर थोडं कलवा, घडी केलेली ताडपत्री त्याखाली सरकवा, मग दुसऱ्या कुशीवर कलवून घडी ओढून घ्या. ताडपत्रीच्या कडा गुंडाळून तीन-तीन जणांनी दोन्हीकडून उचला. छोट्या हत्तीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेली पोती आधी अंथरा आणि फळ शेतात जसं बसलं होतं तसंच, त्याच बुडावर, ठेवा. गाडी मोठी मागवायची गरज नाही, वजन तिच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाइतकंही नाही. भीती वजनाची नाही, काटोल रोडवरच्या खड्ड्यांची आहे. आणि कापल्यापासून तोलेपर्यंत फार दिवस जाऊ देऊ नका. कापलेलं फळ रोज थोडं पाणी सोडतं, मार्चच्या हवेत तर जास्तच.

राहिला आईच्या गावठी भोपळ्यांचा प्रश्न. ०.६४ त्यांना लावू नका. ती जात वेगळी, आकार चपटा, देठ वर आणि भिंत फळाच्या मानाने जाड. पण पद्धत तीच चालते, गुणक तेवढा स्वतःचा काढायचा. तोडणीच्या वेळी लहान-मोठे मिळून दहा भोपळे घ्या. देठ वर ठेवून सपाट फरशीवर बसवा, आडवा घेर आणि एकमेकांना काटकोनात वरून दोन टेप, देठाच्या बाजूने. बेरीज मीटरमध्ये, तिचा घन. मग साध्या काट्यावर वजन. वजनाला घनाने भागा. समजा बेरीज १.९५ मीटर, घन ७.४१, आणि वजन ५.४ किलो भरलं, तर त्या फळाचा गुणक ०.७३. दहांचे दहा आकडे एकाखाली एक लिहा. ते ०.७० ते ०.७६ मध्ये दाटीवाटीने बसले तर सरासरी घ्या, पुढच्या वर्षीपासून परसातला माल टेपने सांगता येईल. पण ०.६० पासून ०.८५ पर्यंत विखुरले तर परसात एकापेक्षा जास्त प्रकारचं बी मिसळलंय असं समजा. भोपळ्याची मादी फुलं मधमाश्यांवर सोडली की असंच होतं. मग दोन ढीग करा, आकारावरून, आणि दोन गुणक काढा. पेठ्याच्या पांढऱ्या कोहळ्यालाही हेच, पण तो लांबट असतो म्हणून त्याला आडवा निजवून मापा आणि त्याच्या अंगावरची पांढरी भुकटी पुसून घ्या, नाहीतर टेप घसरतो.

खाण्याच्या बाबतीत मात्र आईचाच भोपळा. तुमचं ते मोठं फळ चवीला पाणचट निघेल. प्रदर्शन झालं की बी काढा, धुवा, सावलीत वाळवा, आणि पाकिटावर तिन्ही मापं, बेरीज, टेपचं वजन आणि काट्याचं वजन, चारही गोष्टी लिहा. फळ टेपपेक्षा भारी गेलं की हलकं, हे त्या बियाण्याबरोबर राहिलं पाहिजे. भोपळ्याची तळलेली बोंडं करायची असतील तर परसातलं एखादं पिकलेलं फळ त्यासाठी राखून ठेवायला आईला सांगा.